‘ऑफुल’ : भय आणि आदर यांना जोडणारा शब्द

इंग्रजीतील ‘ऑफुल’ हे विशेषण आज ‘अतिशय वाईट’ या अर्थाने वापरले जाते. बेचव जेवण, रटाळ चित्रपट, सततची डोकेदुखी, कुंद हवा यांपैकी कशालाही ते लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या शब्दाचे काम वेगळे होते. ज्याच्यासमोर उभे राहिले की मनाचा थरकाप होतो आणि त्याच क्षणी मान लवते, अशा गोष्टीला ‘ऑफुल’ म्हणत. ईश्वराचे सिंहासन, अंतिम न्यायाचा दिवस, समुद्रावरचे वादळ आणि मृत्यू यांच्याबरोबर सज्जनाच्या चारित्र्यालाही हे विशेषण लागत असे. या शब्दाच्या इतिहासात धर्मतत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न गुंतलेला आहे. ईश्वराचे भय म्हणजे नेमके काय, आणि ते माणसाला खुजे करते की उन्नत करते, हा तो प्रश्न होय.

शब्दाची घडण

‘ऑफुल’ म्हणजे ‘ऑ’ने भरलेला. ‘ऑ’ हा शब्द ‘अगी’ या जुन्या नॉर्स शब्दावरून इंग्रजीत आला. त्याआधी जुन्या इंग्रजीत याच कुळातील ‘एगे’ हा शब्द होता. दोहोंचा मूळ अर्थ साधा होता : भीती, धास्ती. इ. स. १३०० च्या सुमारास ‘ऑफुल’ हे विशेषण रूढ झाले. बायबलच्या भाषांतरांत आणि प्रवचनांत ईश्वराविषयीच्या भावनेसाठी ‘ऑ’ हा शब्द पुन्हापुन्हा योजला गेला, आणि नुसत्या धास्तीत पूज्यभाव मिसळत गेला. नवा अर्थ आला म्हणून जुना लगेच गेला नाही. सतराव्या शतकात दोन्ही अर्थ एकाच वेळी वापरात होते.

त्या शतकातील दोन प्रसिद्ध ग्रंथ हे स्पष्ट करतात. थॉमस हॉब्ज यांच्या ‘लेव्हायथन’ (१६५१) या ग्रंथातील प्रतिपादन असे की, सर्वांना ‘ऑ’मध्ये ठेवणारी सामाईक सत्ता नसेल तर माणसे परस्परांशी युद्धाच्या स्थितीतच राहतात. येथे ‘ऑ’ म्हणजे मराठीतला वचक. कायदा मोडला तर शिक्षा होईल, या जाणिवेतून येणारी ही शिस्त आहे. जॉन मिल्टन यांच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ (१६६७) या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात मात्र हाच शब्द निराळ्या उंचीवर जातो. झोपलेल्या ईव्हच्या कानाशी बसून तिच्या मनात विष कालवणाऱ्या सैतानाला दोन देवदूत पकडतात. त्यांपैकी झेफॉन हा तरुण देवदूत त्याची कठोर शब्दांत निर्भर्त्सना करतो. सैतान त्याच्या बळाला भीत नाही. तरीही तो खजील होऊन उभा राहतो, कारण चांगुलपणा किती ‘ऑफुल’ असतो हे त्याला त्या क्षणी जाणवते.

हॉब्ज यांचा ‘ऑ’ शिक्षेतून उपजतो. मिल्टन यांचा ‘ऑ’ जेथे उपजतो तेथे कसलीही धमकी नाही. समोरचे चांगलेपण आणि स्वतःची अधोगती यांतले अंतर एकदम दिसल्यामुळे सैतान थिजतो. मराठीत धाक, वचक, दरारा, दबदबा असे शब्द आहेत. ते पहिल्या अर्थाच्या अंगाने जातात. दुसऱ्या अर्थासाठी ‘आदरयुक्त भीती’ असा जोडशब्द करावा लागतो. त्यातही आदर आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यासारख्या वाटतात, तर ‘ऑ’मध्ये त्या एकजीव होत्या.

शब्द का झिजला

तीव्र भावनांचे शब्द अतिशयोक्तीसाठी वापरले जातात आणि वापरून वापरून बोथट होतात. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ऑफुल’ हा ‘फार वाईट’ या अर्थाने बोलण्यात येऊ लागला. १८३० च्या आसपास ‘ऑफुली’ या क्रियाविशेषणाचा अर्थ नुसता ‘फार’ एवढाच उरला. त्याची भावंडेही याच वाटेने गेली. ‘टेरिबल’ आणि ‘टेरिफिक’ हे दोन्ही शब्द घाबरवणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आले. त्यांतला पहिला ‘भिकार’पर्यंत घसरला आणि दुसरा ‘झकास’पर्यंत चढला. ‘ट्रिमेंडस’ हा शब्द थरथर कापण्याच्या क्रियेवरून झाला. आज तो ‘प्रचंड’ एवढेच सांगतो. ‘हॉरिबल’च्या मुळाशी अंगावरचे केस ताठ उभे राहणे आहे, ते मूळ आता वापरणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

‘ऑफुल’ची जागा काही काळ ‘ऑसम’ने घेतली. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून असलेला हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी तरुणांच्या बोलीत शिरला आणि ‘मस्त’ या अर्थाने जगभर पसरला. एकाच ‘ऑ’पासून निघालेल्या दोन विशेषणांपैकी एक निंदेचे झाले आणि दुसरे स्तुतीचे. दोघांतूनही मूळची भावना निघून गेली.

ही प्रक्रिया इंग्रजीपुरती नाही. बायबलच्या हिब्रूत ईश्वराच्या भयचकित करणाऱ्या महत्तेसाठी ‘नोरा’ हे विशेषण येते. आजच्या बोली हिब्रूत तोच शब्द ‘वाईट’ आणि ‘फार’ या अर्थांनी वापरला जातो. फ्रेंचमध्ये ‘फोर्मिदाब्ल’ हा मुळात भीतिदायक या अर्थाचा शब्द ‘उत्कृष्ट’ या अर्थाने रूढ आहे. मराठीत ‘भयंकर आवडले’, ‘भयानक सुंदर’ असे प्रयोग सर्रास ऐकू येतात. इतक्या वेगवेगळ्या भाषांत एकच गोष्ट घडावी, याला कारण आहे. भय आणि विस्मय या भावना मनात एकमेकींना खेटून असतात. त्यामुळे भयाचा शब्द स्तुतीकडे सहज सरकतो.

धर्मग्रंथातील भय

‘ऑफुल’, ‘ड्रेडफुल’, ‘टेरिबल’ हे शब्द इंग्रजी धर्मभाषेत रुळले ते मुख्यतः बायबलच्या भाषांतरांमुळे. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाची कथा त्यांचा आशय नीट उलगडते. घरातून पळालेला याकोब वाटेत उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी आणि तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत दिसतात. ईश्वर त्याला धमकावत नाही. उलट भूमी, संतती आणि संरक्षण यांचे वचन देतो. तरीही जागा होताच याकोब भितो. आपण स्वर्गाच्या दाराशी झोपलो होतो आणि आपल्याला पत्ताही नव्हता, हे त्याला कळते. या प्रसंगात शिक्षा कोठेही नाही. अभय मिळालेल्या माणसाचे हे भय आहे.

त्या जागेसाठी हिब्रूत ‘नोरा’ हाच शब्द आहे. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीत त्याचे ‘ड्रेडफुल’ झाले. १९५२ च्या रिवाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने ‘ऑसम’ हा शब्द घेतला, कारण तोवर ‘ड्रेडफुल’ हे ‘भयंकर वाईट’ असे ऐकू येऊ लागले होते. स्तोत्रसंहितेच्या १११ व्या स्तोत्रात ईश्वराच्या नावाला हेच हिब्रू विशेषण लागते. तेथे किंग जेम्स आवृत्तीने ‘रेव्हरंड’ म्हणजे पूज्य असा शब्द वापरला, आणि १९५२ च्या आवृत्तीने ‘टेरिबल’. एका हिब्रू शब्दाला भय, पूज्यता आणि विस्मय अशा तीन वेगवेगळ्या छटांचे इंग्रजी पर्याय द्यावे लागले. ज्यू परंपरेत नववर्षापासून प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंतच्या दहा दिवसांना ‘यामीम नोराईम’ म्हणतात. आत्मपरीक्षणाच्या या दिवसांच्या नावातही तोच शब्द आहे.

अशा भयाची कारणमीमांसा मध्ययुगीन विचारवंतांनी बारकाईने केली. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ यांनी ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात प्रेम आणि भय यांचा उगम एकाच कृतीत दाखवला. माणूस सृष्टीची अद्भुत रचना न्याहाळतो तेव्हा तिच्या कर्त्याविषयी त्याला प्रेम वाटते आणि त्याला जाणून घेण्याची ओढ लागते. तोच विचार पुढे नेताना आपण किती क्षुद्र आणि अल्पज्ञ आहोत हे उमगून तो दचकून मागे सरतो. हे भय ज्ञानातून येते. कुराणातही (३५ : २८) ईश्वराच्या भक्तांपैकी ज्ञानी असतात तेच त्याचे खरे भय बाळगतात, असा आशय आहे. अज्ञानामुळे भीती वाटते, या सर्वसाधारण समजाच्या नेमके उलट हे विधान आहे.

ख्रिस्ती परंपरेपुढे एक वेगळी अडचण होती. ईश्वराचे भय हा शहाणपणाचा प्रारंभ, असे जुना करार सांगतो, तर परिपूर्ण प्रेम भयाला घालवून देते, असे नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’त यावर दिलेले उत्तर निर्णायक ठरले. त्यांनी दासाचे भय आणि अपत्याचे भय असा भेद केला. दासाला शिक्षेची भीती असते. अपत्याला आईवडिलांचे मन दुखावण्याची आणि त्यांच्यापासून दुरावण्याची भीती असते. प्रेम वाढते तशी शिक्षेची भीती ओसरते, पण दुरावण्याची भीती अधिक कोवळी, अधिक जागरूक होते. योहानाच्या पत्रातील प्रेम जे भय घालवते ते पहिल्या प्रकारचे. दुसऱ्या प्रकारचे भय स्वर्गातही टिकते, असे अक्वायनस मानतात, कारण तेथे ते पूज्यभावाचेच रूप असते.

आक्षेप आणि उत्तर

धर्माचा जन्म भीतीतून झाला, हा आक्षेप फार जुना आहे. जगात देव प्रथम भीतीनेच निर्माण केले, हा विचार पहिल्या शतकातील रोमन कवी स्टेशियस यांच्या महाकाव्यात एका पात्राच्या तोंडी येतो. डेव्हिड ह्यूम यांनी ‘द नॅचरल हिस्टरी ऑफ रिलिजन’ (१७५७) या निबंधात त्याला तात्त्विक रूप दिले. त्यांच्या मते आदिम माणूस सृष्टीतील सुसंगती पाहून देवाकडे वळला नाही. रोगराई, दुष्काळ, मृत्यू आणि उद्याची अनिश्चितता यांच्या धास्तीने आणि आशेने तो वळला. बर्ट्रंड रसेल यांनी १९२७ मध्ये लंडनमध्ये दिलेल्या ‘मी ख्रिश्चन का नाही’ या व्याख्यानात भीती हा धर्माचा मुख्य पाया असल्याचे सांगितले आणि क्रौर्यही त्याच भीतीतून उपजते असा आरोप केला.

या आक्षेपात मोठे तथ्य आहे. नरकाच्या वर्णनांनी मुलांची झोप उडवणारी प्रवचने, देवाच्या कोपाचा धाक घालून उकळलेल्या दक्षिणा, शापाच्या भीतीने चालू राहिलेल्या अन्यायी रूढी सर्व धर्मांच्या इतिहासात आढळतात. तथापि हा आक्षेप ज्या भीतीवर नेम धरतो ती अक्वायनस यांच्या भाषेत दासाची भीती आहे. याकोबाच्या किंवा मिल्टन यांच्या सैतानाच्या अनुभवाचा उलगडा त्यातून होत नाही.

ह्यूम यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १७५७ मध्ये, एडमंड बर्क यांचा उदात्त आणि सुंदर यांवरील ग्रंथ निघाला. भीतीचा माग काढत बर्क वेगळ्या ठिकाणी पोचले. अथांग समुद्र, उत्तुंग कडे, अंधार, अनंतता यांच्या दर्शनाने मनात उठणाऱ्या प्रबळ भावनेच्या मुळाशी भय असते, परंतु धोका अंगाशी आलेला नसेल तर त्याच भयातून एक प्रकारचा आनंद होतो, असे त्यांनी दाखवले. अनेक भाषांत विस्मय आणि भय यांना एकच शब्द असतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. ग्रीकमधील ‘देइनोस’ हे त्यांचे एक उदाहरण आहे. भयंकर, विलक्षण, अचाट, निपुण असे सगळे अर्थ या एका शब्दात मावतात. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये नामशेष झालेल्या महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यांना ‘डायनोसॉर’ हे नाव दिले तेव्हा हाच शब्द त्यांनी निवडला होता.

इमॅन्युएल कान्ट यांनी ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये (१७९०) हा विचार नैतिक पातळीवर नेला. एखादी गोष्ट भयावह आहे असे जाणणे वेगळे आणि तिला घाबरणे वेगळे, असा त्यांचा भेद आहे. वादळापुढे देह दुबळा ठरतो. पण निसर्गाची सगळी ताकद आपल्यातील नैतिक स्वातंत्र्याला वाकवू शकत नाही, हेही त्याच वेळी कळते. ईश्वराबाबत कान्ट म्हणतात की सदाचारी माणूस ईश्वराचे भय बाळगतो, पण त्याला घाबरत नाही. भीतीने लोटांगण घालणारा माणूस ईश्वराची महत्ता पाहतच नाही, कारण त्याचे सगळे लक्ष स्वतःच्या बचावाकडे असते. खरा पूज्यभाव शांत आणि मोकळ्या मनालाच शक्य होतो. ह्यूम आणि रसेल यांच्या आक्षेपाला हे सर्वांत समर्थ उत्तर आहे. लाचारी आणि पूज्यभाव बाहेरून सारखे दिसतात, दोन्हींत मान झुकते. पण एकीत माणूस स्वतःकडे पाहत असतो आणि दुसऱ्यात स्वतःपलीकडे.

रूडॉल्फ ओटो यांचे विवेचन

या भावनेला विसाव्या शतकात नवी परिभाषा मिळाली ती जर्मन धर्मशास्त्रज्ञ रूडॉल्फ ओटो यांच्यामुळे. १९११ मध्ये मोरोक्कोतील मोगादोर येथे एका साध्या सिनॅगॉगमध्ये ईश्वराच्या पावित्र्याचा तीन वेळा होणारा घोष ऐकून ते हेलावून गेले. १९१७ मध्ये त्यांचा ‘दास हायलिगे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘पवित्र’ या कल्पनेतून नीती आणि तर्क बाजूला काढले तरी काही शिल्लक उरते, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्या शेषाला त्यांनी ‘न्यूमिनस’ असे नाव दिले आणि त्याचे वर्णन थरकाप करणारे, तरीही खेचून घेणारे गूढ असे केले. थरकापाचे, दडपून टाकणाऱ्या सत्तेचे आणि धगधगत्या चैतन्याचे अंग एकीकडे, मोहिनीचे अंग दुसरीकडे, आणि मधे ‘सर्वस्वी निराळे’ असे काही.

जॉन हार्वी यांनी १९२३ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा ‘ऑफुल’ हा शब्द निकामी झालेला होता. म्हणून त्यांनी मूळ ‘ऑ’ डोळ्यांना दिसावा असे जुन्या वळणाचे, मधे ‘ई’ हे अक्षर राखणारे लेखन वापरले. झिजलेल्या शब्दाला धार लावण्याचा हा प्रयत्न होता. सी. एस. लुइस यांनी १९४० मधील ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ या पुस्तकात ओटो यांचा मुद्दा सामान्य वाचकासाठी सोपा केला. शेजारच्या खोलीत वाघ आहे असे समजले तर माणूस घाबरेल. तेथे भूत आहे असे समजले तरी घाबरेल, पण ते काय इजा करील या विचाराने नव्हे. ते भूत आहे, एवढ्यानेच. आणि तेथे एक महान आत्मा आहे असे समजले, तर त्या अस्वस्थतेत विस्मय आणि नम्रता मिसळेल. ही तिसरी अवस्था म्हणजे ‘ऑ’.

ओटो यांच्या विवेचनात भारताला महत्त्वाचे स्थान आहे. न्यूमिनस अनुभवाचे काव्यरूप म्हणून त्यांनी भगवद्‌गीतेचा अकरावा अध्याय पुढे ठेवला. १९२७-२८ च्या भारतभेटीत त्यांनी मुंबईजवळच्या घारापुरीची लेणी पाहिली, आणि तेथील त्रिमुखी शिवमूर्तीने ते भारावून गेले. सहाव्या शतकातील या मूर्तीत उग्र, शांत आणि सौम्य अशी तीन मुखे एकाच शिळेतून प्रकटली आहेत. थरकाप आणि मोहिनी ही एकाच तत्त्वाची दोन अंगे आहेत, या सिद्धांताचे याहून चपखल शिल्परूप मिळणे कठीण आहे.

भारतीय परंपरेतील तोच प्रश्न

गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन स्वतः मागून विश्वरूप पाहतो. योद्धे त्या रूपाच्या जळत्या मुखांत शिरताना पाहून तो कापू लागतो. आपण ज्याला सखा म्हणून हाक मारली, थट्टामस्करी केली, तो कोण होता हे कळल्यावर तो क्षमा मागतो. पूर्वी कधी न पाहिलेले पाहून मला हर्ष झाला आहे आणि माझे मन भयाने व्याकुळही झाले आहे, असे तो एकाच श्लोकात सांगतो. ओटो यांची दोन्ही अंगे येथे एकत्र आहेत. अंगावर उभ्या राहणाऱ्या रोमांचांचा उल्लेख गीतेत तीन ठिकाणी येतो : पहिल्या अध्यायात विषादाने, अकराव्यात विस्मयाने, आणि अखेरीस संजयाच्या तोंडी त्या अद्भुत संवादाच्या आनंदाने. शरीराची खूण एकच, मनाच्या अवस्था तीन.

भारतीय रसशास्त्राने मात्र भय आणि विस्मय यांना वेगळे ठेवले. भरतांच्या नाट्यशास्त्रात भय हा भयानक रसाचा आणि विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव आहे. भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून आणि अद्भुताची वीरापासून सांगितली आहे. म्हणजे दोन्ही रसांची कुळेच निराळी. ‘ऑ’ची भावना या दोन कुळांच्या मधे पडते. ज्ञानेश्वरांनी ही उणीव आपल्या पद्धतीने भरून काढली. अकराव्या अध्यायाच्या आरंभी ते म्हणतात की येथे शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा आला आहे आणि इतर रसांनाही पंक्तीचा मान मिळाला आहे. विश्वरूपाच्या भयाला त्यांनी शांताच्या अंगणात बसवले, आणि धर्मभयाचा शेवट कोठे व्हावा हेही त्यातून सुचवले.

उपनिषदांत हा विचार आणखी पुढे जातो. तैत्तिरीय उपनिषद सांगते की ब्रह्माच्या भयाने वारा वाहतो, सूर्य उगवतो, अग्नी, इंद्र आणि मृत्यू आपापले काम करतात. कठोपनिषदात ब्रह्माला उगारलेल्या वज्रासारखे महाभय म्हटले आहे, आणि ते जाणणारे अमर होतात असेही लगेच जोडले आहे. तैत्तिरीयातच पुढे, ब्रह्मानंद जाणणाऱ्याला कशाचेही भय उरत नाही, असे वचन येते. बृहदारण्यकाने याचे कारण दिले : दुसरे असेल तरच भय असते. येथे सेमिटिक परंपरा आणि अद्वैत वेदान्त यांचे मार्ग स्पष्टपणे वेगळे होतात. मायमोनिडीझ किंवा अक्वायनस यांच्या दृष्टीने निर्माता आणि निर्मित यांतले अंतर कधीच मिटत नाही, म्हणून पूज्यभयही मिटत नाही. ते शुद्ध होत जाते. अद्वैताच्या दृष्टीने अंतर हाच भ्रम आहे, म्हणून ज्ञानाबरोबर भयही संपते. विष्णुसहस्रनामात ‘भयकृत्’ आणि ‘भयनाशन’ ही नावे एकापाठोपाठ येतात. भय निर्माण करणारा आणि भय नाहीसे करणारा एकच, हा दोन्ही विचारांना पेलणारा भक्तिमार्गाचा निष्कर्ष आहे.

सत्तेने केलेला वापर

पूज्यभय आणि दहशत यांतला भेद विचारवंतांपुरता राहिला तर त्याचा लाभ सत्ताधारी घेतात. रशियाचा झार चौथा इव्हान (१५३०–१५८४) याला रशियनमध्ये ‘ग्रोझनी’ म्हणत. त्या शब्दात दरारा आणि पराक्रम यांची छटा आहे. इंग्रजीतील ‘टेरिबल’ या रूपांतराने आज त्यातले क्रौर्यच तेवढे ऐकू येते. त्याच्या कारकिर्दीतील हत्याकांडे लक्षात घेतली तर दरारा आणि दहशत या दोहोंना एकच नाव पुरणे किती धोक्याचे आहे हे दिसते. १९९६ मध्ये अमेरिकेतील हार्लन उल्मन आणि जेम्स वेड यांनी ‘शॉक अँड ऑ’ या नावाने एक युद्धनीती मांडली. अफाट शस्त्रबळाच्या प्रदर्शनाने शत्रूची प्रतिकाराची इच्छाच मोडून काढायची, हा तिचा गाभा. २००३ मध्ये इराकवरील हल्ल्याच्या वेळी हा शब्दप्रयोग जगभर गाजला. ईश्वराच्या सान्निध्यातील थरारासाठी रुळलेला शब्द बॉम्बवर्षावाला लावला गेला. शहरावर बॉम्ब पडत असताना तेथील माणसाला जे वाटते ते भय आहे, पूज्यभाव नव्हे. बर्क यांची अट येथे मोडते, कारण धोका अंगावर आलेला असतो. आणि कान्ट यांचीही, कारण जीव वाचवण्यापलीकडे मनाला सवडच नसते.

या सर्व विवेचनातून दोहोंत फरक करण्याच्या कसोट्या हाती येतात. दहशत माणसाला दूर पळवते. पूज्यभय मागे सरायला लावते, पण पाठ फिरवू देत नाही. दहशतीत प्रश्न विचारणे हा गुन्हा असतो. पूज्यभयात जाणून घेण्याची इच्छा वाढते, जशी मायमोनिडीझ यांच्या वर्णनात वाढते. दहशत ओसरल्यावर राग आणि अपमान मागे राहतात; पूज्यभय ओसरल्यावर कृतज्ञता आणि नम्रता. दहशत नेहमी कोणाच्या तरी उपयोगाची असते. एखादा गुरू, संस्था किंवा राज्यकर्ता ईश्वराचे भय दाखवून स्वतःसाठी आज्ञापालन मागत असेल, तर तेथे धर्माच्या नावाने हॉब्ज यांचा वचकच चालू आहे असे समजावे.

अनुभवाची आजची स्थिती

शब्द झिजला म्हणून अनुभव नाहीसा झालेला नाही. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ‘ऑ’ या भावनेची दोन मुख्य लक्षणे मांडली : समोरच्या गोष्टीची विशालता, आणि ती सामावून घेण्यासाठी मनाच्या जुन्या चौकटी बदलण्याची गरज. भय हे त्यांच्या मांडणीत या भावनेला मिळणाऱ्या छटांपैकी एक आहे. पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातील एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना बर्कली विद्यापीठाच्या आवारातील निलगिरीची उंच झाडे मिनिटभर पाहायला लावले, आणि इतरांना त्याच वेळात एक उंच इमारत. नंतर प्रयोगकर्त्याच्या हातून पेने खाली सांडली तेव्हा झाडे पाहणाऱ्यांनी ती अधिक संख्येने उचलून दिली. विशालतेपुढे ‘मी’ लहान झाला की दुसऱ्यासाठी जागा होते, असा संशोधकांचा अर्थ आहे. अशा प्रयोगांनी ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रश्न सुटत नाही. ‘मी’ लहान होणे आणि माणूस लहान होणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे मात्र त्यांतून दिसते.

ईश्वराचे भय माणसाला खुजे करते की उन्नत करते, या प्रश्नाचे उत्तर भयाच्या प्रकारावर अवलंबून आहे. शिक्षेचे भय खुजे करते. ह्यूम आणि रसेल यांची टीका त्याला पूर्णपणे लागू पडते, आणि धर्मानेही त्याचा त्याग करणे योग्य ठरते. महत्तेचे भय माणसाला त्याचे खरे माप दाखवते आणि त्या मापापलीकडे पाहायला शिकवते. मिल्टन यांचा सैतान त्या एका क्षणी स्वतःविषयी जे सत्य जाणतो, ते त्याला कोणत्याही शिक्षेने शिकवले नव्हते. श्रद्धावान या महत्तेला ईश्वर म्हणतो. कान्ट यांनी १७८८ मध्ये तारकांकित आकाश आणि अंतःकरणातील नैतिक नियम या दोन गोष्टी तिच्या जागी ठेवल्या. श्रद्धा न बाळगणाऱ्यालाही ही दोन्ही स्थाने खुली आहेत. भय आणि आदर ज्या भावनेत एकजीव होतात, तिला दहशतीपासून वेगळे ओळखणे आणि वेगळ्या नावाने संबोधणे ही धर्मविचाराची जशी गरज आहे, तशीच विवेकाचीही.